ओसीडी अर्थात मंत्रचळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ओसीडी असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. औषधांचे आकडे डॉक्टरांशी बोलताना समज असावी म्हणून दिले आहेत. त्यावरून स्वतःचा डोस ठरवू नका आणि चालू औषध मनाने बंद करू नका.

ओसीडी म्हणजे नेमकं काय?

ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. यात दोन गोष्टी जोडीने येतात. पहिली ऑब्सेशन: नको असताना पुन्हापुन्हा मनात घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. त्यामुळे भीती वाटते, किळस येते, अपराधी वाटतं किंवा 'अजून काहीतरी नीट झालेलं नाही' अशी बेचैनी होते. दुसरी कम्पल्शन: ती बेचैनी घालवण्यासाठी किंवा मनात आलेलं संकट टळावं म्हणून केलेली कृती. हात धुणं, तपासणं, मोजणं, कुणालातरी विचारून खात्री करून घेणं, मनातल्या मनात ठरावीक वाक्य म्हणणं.

कृती केली की थोडा वेळ हायसं वाटतं, आणि आजाराची मेख तिथेच आहे. मेंदू त्यातून धडा घेतो: धोका खरा होता, हात धुतले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी विचार आणखी जोर धरून येतो आणि कृती लांबत जाते. खाज सुटल्यावर खाजवावं, क्षणभर बरं वाटावं आणि जखम चिघळत जावी, तसंच हे. विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. आजाराला खतपाणी मिळतं ते त्या विचारावर आपण जे करतो त्यातून. ही एक गोष्ट पक्की ध्यानात राहिली तर खालची बरीचशी उत्तरं सोपी होतील.

असे विचार तर सगळ्यांनाच येतात. मग आजार कधी म्हणायचं?

येतात, हे खरंच आहे. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ओसीडी नसलेल्या माणसांकडे चौकशी केली, तेव्हा दहातल्या जवळपास आठ जणांनी असे अनाहूत विचार येत असल्याचं सांगितलं. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला गेला. गेल्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार आल्याचं सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. उंचावर उभं असताना उडी मारायचा विचार चमकून जाणं, हातात सुरी असताना समोरच्याला ती लागल्याचं चित्र दिसणं, दार नीट लावलं का अशी शंका येणं: विषय तेच असतात.

फरक पडतो तो त्यापुढे. बहुतेक माणसं 'काय वाट्टेल ते मनात येतं' म्हणून कामाला लागतात. ओसीडीत त्या विचाराला अर्थ चिकटतो: 'हे माझ्या मनात आलंच कसं? म्हणजे मी तसा असणार. आता काही केलं नाही तर जबाबदार मीच.'

निदानाच्या निकषांत दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त वेळ यात जाणं, किंवा खूप मानसिक त्रास होणं, किंवा काम, शिक्षण आणि नातेसंबंध यांत अडथळा येणं यांपैकी काहीतरी असावं लागतं. तासाची मर्यादा ढोबळ आहे. सुरीच्या भीतीने जिने स्वयंपाकघरात जाणंच सोडलं, तिच्या कम्पल्शनचा वेळ दहा मिनिटंही भरणार नाही, तरी आजार गंभीर आहे. म्हणून 'किती वेळ जातो' याच्या जोडीला 'काय काय टाळलं जातं' हेही मोजावं. आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होण्याचं प्रमाण शंभरात साधारण दोन आहे, त्यामुळे हा दुर्मीळ आजार नाही.

माझ्या मनात फार भयंकर विचार येतात. मी खरोखर तसं करेन का?

स्वतःच्या मुलाला इजा करण्याचे, लैंगिक अत्याचाराचे, देवाची विटंबना करण्याचे विचार ओसीडीत बरेचदा आढळतात. सांगायला लाज वाटते म्हणून ते वर्षानुवर्षं दडून राहतात, एवढंच. हे विचार त्या माणसाच्या मूल्यांच्या अगदी उलट असतात, म्हणूनच ते इतके छळतात. ज्याला मुलं जीव की प्राण, त्याला मुलांबद्दलच असे विचार येतात. हे विचार म्हणजे सुप्त इच्छा नव्हेत, आणि ते आले म्हणून माणूस तसं वागत नाही. उलट तसं काही घडू नये म्हणून तो स्वतःवर नको तितका पहारा ठेवतो.

इथे एक सावधगिरी. हे उत्तर एकदा वाचणं ही माहिती झाली. तेच उत्तर दिवसातून दहा वेळा उघडून वाचणं ही कम्पल्शन झाली.

डॉक्टरांना हे विचार जसेच्या तसे सांगा. 'जरा टेन्शन येतं' एवढंच सांगितलं तर नुसत्या चिंतेचे उपचार सुरू होतात आणि मूळ आजार तसाच राहतो. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या. जाणकार मानसोपचारतज्ज्ञांनी असे विचार शेकड्याने ऐकलेले असतात.

हात धुणं आणि कुलूप तपासणं एवढंच यात येतं का?

नाही. ही फक्त सहज दिसणारी रूपं. वस्तू सारख्या ठेवणं, दारातून 'बरोबर' वाटेपर्यंत आतबाहेर करणं, एकच ओळ चार-चारदा वाचणं हेही ओसीडीच. यामागे नेहमी भीती असतेच असं नाही, कधीकधी नुसतं 'जमलं नाही' असं वाटणं पुरतं. आपल्या गाडीचा कुणाला धक्का तर लागला नाही ना, म्हणून पुन्हा त्या रस्त्यावर जाऊन पाहणारे असतात. जोडीदारावर आपलं खरंच प्रेम आहे का, याची रोज मनातल्या मनात परीक्षा घेणारे असतात. पाप-पुण्याच्या शंकेने प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारे असतात. विषय बदलत राहतो, एका विषयाची भीती ओसरली की दुसरा डोकं वर काढतो. चक्र मात्र एकच असतं.

वस्तू साठवत राहण्याच्या आजाराला २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने वेगळं नाव आणि वेगळी जागा दिली. त्याच आवृत्तीत ओसीडीलाही चिंताविकारांच्या गटातून काढून स्वतंत्र प्रकरण मिळालं.

बाहेरून काहीच दिसत नाही, सगळं डोक्यातच चालतं. तरी ओसीडी असू शकतो?

असू शकतो, आणि असा ओसीडी ओळखायला सर्वांत उशीर लागतो. 'मी नुसता विचार करतो, कृती काहीच करत नाही' असं सांगणाऱ्यांकडे खोलात विचारलं की मनातल्या कृती सापडतात. कालचं संभाषण सुरुवातीपासून आठवून कुठे चुकीचं बोललो का ते तपासणं. वाईट शब्द आला की त्यावर चांगला शब्द म्हणून तो 'रद्द' करणं. एखाद्याकडे पाहून शरीरात काही होतंय का याची चाचपणी. इंटरनेटवर किंवा एआय चॅटबॉटला तोच प्रश्न शब्द बदलून विचारत राहणं.

दोन्हींतला फरक ओळखायची साधी कसोटी: आपोआप आलं ते ऑब्सेशन, तुम्ही केलं ते कम्पल्शन, मग ते मनातल्या मनात का केलेलं असेना. उपचारात थांबवायचं असतं ते दुसरं. ही सीमारेषा कळली नाही तर माणूस पहिलंच थांबवायला जातो आणि थकून जातो.

एकदा तपासलं तरी खात्री का पटत नाही?

कारण तपासण्यानेच खात्री कमी होते. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी २००३ साली ओसीडी नसलेल्या लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. शेवटच्या वेळी काय पाहिलं याची त्यांची आठवण अचूकच होती. पण ती आठवण पुसट झाली होती, तपशील विरळ झाले होते आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घटला होता. निरोगी माणसाचीही अशी गत होते.

तीच कृती अनेकदा केली की लक्ष तिच्यावरून उडतं, आधीच्या आणि आताच्या फेऱ्या एकमेकांत मिसळतात आणि 'आत्ता पाहिलं ते आत्ताचं की मघाचं?' असं होतं. तेव्हा पाचव्यांदा कुलूप ओढून पाहणाऱ्याची स्मरणशक्ती बिघडलेली नसते. पाचव्यांदा ओढल्यामुळे ती बिघडल्यासारखी वाटते. कुलपाचा फोटो काढून ठेवण्याची युक्तीही चार दिवस चालते. मग फोटो आजचाच आहे ना, हे तपासणं सुरू होतं.

विचार मनातून काढून का टाकता येत नाहीत?

'हा विचार करायचा नाही' हे पाळण्यासाठी मनाला तो विचार आला का यावर सतत पाळत ठेवावी लागते, आणि पाळत ठेवायची तर तो विचार हाताशी ठेवावा लागतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं होतं. त्यांना तो येतच राहिला, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर, ज्यांनी आधी तो दाबला नव्हता त्यांच्यापेक्षाही जास्त आला. म्हणून मनगटाला रबरबँड बांधून विचार आला की झटका देणं, 'थांब' असं मोठ्याने म्हणणं हे जुने सल्ले आम्ही देत नाही. ओसीडीत ते स्वतःच कम्पल्शन बनतात.

हा आजार कशामुळे होतो? आमचं संगोपन चुकलं का?

संगोपनाने ओसीडी होतो असं मानायला आधार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून जोखमीचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक धरला जातो, पण एक ठरावीक जनुक जबाबदार नाही. मेंदूच्या पुढच्या भागातलं ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, खोलवरचं कॉडेट आणि थॅलॅमस यांना जोडणारं एक मंडल ओसीडीत जास्त सक्रिय आढळतं. धोक्याचा इशारा आणि 'झालं, आता पुढे चला' हा निरोप या मंडलाशी संबंधित आहेत. परीक्षा, नवी जबाबदारी, बाळंतपण, आजारपण अशा ताणाच्या काळात लक्षणं सुरू होतात किंवा वाढतात.

१९९२ साली अमेरिकेतल्या बॅक्स्टर यांच्या गटाने दाखवलं की फ्लुऑक्सेटिन या औषधाने बरे वाटलेल्यांच्या आणि नुसत्या वर्तनोपचाराने बरे वाटलेल्यांच्या, दोघांच्याही मेंदूतल्या कॉडेटची वाढलेली हालचाल कमी झाली होती. आजार मेंदूतला आहे म्हणजे तो फक्त गोळीनेच बरा होईल, हा समज यामुळे टिकत नाही.

मुलांमध्ये कसं ओळखायचं?

ओसीडी बहुतेकांत लहानपणी, किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो. मुलग्यांमध्ये तो लवकर दिसतो. पस्तिशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं तुलनेने कमी, आणि तसं झालं तर मेंदूचं दुसरं काही दुखणं नाही ना, हेही पाहून घ्यावं.

लहान मुलाला 'असं का करतोस?' याचं उत्तर देता येत नाही. दिसतं ते वेगळंच: खोडून-खोडून वहीचं पान फाटणं, गृहपाठाला तिप्पट वेळ लागणं, बाथरूममधून लवकर बाहेर न येणं, हातांची कातडी लाल होऊन भेगाळणं, झोपताना ठरलेली वाक्यं आईकडून तशीच्या तशी म्हणून घेणं आणि एक शब्द चुकला तरी आकांत करणं. झोपताना तीच गोष्ट पुन्हा सांगायचा हट्ट अनेक निरोगी मुलंही करतात. त्यांना त्यात मजा येते, क्रम मोडला तर ती थोड्या वेळात विसरतात. ओसीडीत मजा नसते.

एका-दोन दिवसांत अचानक तीव्र लक्षणं उसळली, सोबत खाणं बंद झालं, अक्षर बिघडलं, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या घशाच्या संसर्गानंतर असं होऊ शकतं, असं वर्णन सुझान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली केलं. त्याला पँडास म्हणतात.

बाळंतपणानंतर बाळाला इजा करण्याचे विचार येतात. काय करावं?

नव्या आईवडिलांना असे विचार येणं सर्रास आढळतं. ओसीडी असेल तर आई त्या विचारांनी हादरते, बाळाला एकटीने अंघोळ घालायचं टाळते, रात्रीतून वारंवार उठून त्याचा श्वास पाहते. याला उपचार आहेत, आणि असा विचार आला म्हणून बाळाला आईपासून तोडायचं कारण नाही.

प्रसूतीनंतरचा सायकोसिस मात्र वेगळा आणि तातडीचा आहे. त्यात झोप उडते, बोलणं विस्कळीत होतं, भास होतात आणि 'बाळात काहीतरी दुष्ट आहे' अशा कल्पना खऱ्या वाटू लागतात. विचाराची भीती वाटण्याऐवजी तो पटू लागला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मला सगळं जागच्या जागी लागतं. मला ओसीडी आहे का?

नुसत्या आवडीला ओसीडी म्हणत नाहीत. नियम, काटेकोरपणा आणि परिपूर्णता यांचा अतिरेक हा स्वभावच असेल, आणि त्या माणसाला तो योग्यच वाटत असेल, तर ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे वेगळं निदान असू शकतं. ओसीडीत माणूस बहुधा म्हणतो, 'मला कळतं हे अति आहे, पण थांबता येत नाही.' काहींची ही जाण कमी असते, म्हणून तेवढ्यावरून निदान रद्द होत नाही.

निदान कसं होतं? रक्ततपासणी किंवा स्कॅन लागतो का?

निदान मुलाखतीवरून होतं. स्कॅनने ओसीडी 'दिसत' नाही. दुसऱ्या आजाराची शंका असेल तरच तपासण्या करतात. तीव्रता मोजण्यासाठी येल-ब्राउन मापनी वापरतात. तिच्यात दहा प्रश्न असतात, पाच ऑब्सेशनबद्दल आणि पाच कम्पल्शनबद्दल. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. साधारणपणे ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. उपचार सुरू करण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवा. तीन महिन्यांनी 'काही फरक नाही' असं वाटतं तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण २८ वरून १९ वर आलेल्या माणसालाही रोजच्या त्रासात तो फरक जाणवतोच असं नाही.

जाण्यापूर्वी आठवडाभराची नोंद करा: काय मनात आलं, त्यावर काय केलं, किती वेळ गेला, काय टाळलं.

ईआरपी म्हणजे काय? त्यात प्रत्यक्षात काय करतात?

एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन: ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं आणि त्यावरची कम्पल्शन करायची नाही. ओसीडीसाठी सर्वाधिक पुरावा असलेला मानसोपचार हाच. त्याची सुरुवात लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी केली, १९६६ साली त्यांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्याआधी ओसीडी जवळपास असाध्य मानला जाई.

आज सहसा १२ ते २० बैठका होतात, प्रत्येकी ६० ते ९० मिनिटांच्या, आठवड्याला एक किंवा दोन. पण खरं काम बैठकांच्या मधल्या दिवसांत होतं. रोज पाऊण ते एक तास घरचा सराव धरून चला.

आधी भीतीची शिडी बनवतात. समजा भीती स्वच्छतागृहाच्या दाराच्या हँडलची आहे. प्रत्येक पायरीला किती बेचैनी होईल त्याचा ० ते १०० असा आकडा द्यायचा. स्वतःच्या घरातल्या बैठकीच्या खोलीचं हँडल बोटाने शिवणं: ३०. घरच्या स्वच्छतागृहाचं हँडल पूर्ण पंज्याने धरणं: ४५. तेच करून हात न धुता मोबाइल वापरणं: ६०. तेच हात उशीला पुसणं: ७५. सार्वजनिक स्वच्छतागृहाचं हँडल धरून मग स्वतःच्या हातांनी खाणं: ९५. सुरुवात ३० ते ४५च्या मधून करतात.

कृती करण्यापूर्वी एका ओळीत लिहायचं: 'मला काय होईल असं वाटतंय?' उदाहरणार्थ, 'ही बेचैनी मला असह्य होईल आणि रात्रभर झोप लागणार नाही.' मग हँडल धरायचं. हात धुवायचे नाहीत, पुसायचे नाहीत, 'काही होणार नाही' असं स्वतःला समजवायचंही नाही. आकडा वर चढेल, चढू द्यायचा. साधारणपणे तो आपसूक उतरू लागतो, कधी वीस मिनिटांत, कधी तासाभरात. एखाद्या दिवशी उतरतही नाही, आणि तरी त्या दिवसाचा सराव वाया जात नाही. शेवटी पुन्हा लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं? भीती उतरलीच पाहिजे अशी अट नाही. ती असतानाही कृतीवाचून राहता येतं, हा अनुभव मिळवायचा असतो.

त्या काळात धुण्याचे नियम आधीच ठरलेले असतात: शौचानंतर, खाण्यापूर्वी आणि हात उघडपणे मळलेले असतील तेव्हा, २० सेकंद, एकदाच. नियम कागदावर लिहून बेसिनपाशी लावा, म्हणजे त्या क्षणी स्वतःशी वाटाघाटी होत नाहीत. चुकून धुतलेच गेले तर लगेच पुन्हा हँडल शिवायचं, म्हणजे कृतीचा 'फायदा' मेंदूला मिळत नाही.

ईआरपी करूनही उपयोग झाला नाही, असं का होतं?

बहुतेक वेळा कुठेतरी चोरवाट राहिलेली असते. हँडल शिवलं, पण मनात 'संध्याकाळी अंघोळ करणारच आहे' हा दिलासा ठेवला. हात धुतले नाहीत, पण सॅनिटायझर लावला. घरातला एक कोपरा, एक टॉवेल, एक खुर्ची 'शुद्ध' राखून ठेवली. सराव चालू असताना गाणी लावून लक्ष दुसरीकडे नेलं. 'हे सुरक्षित आहे ना?' असं थेरपिस्टलाच विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं. दीर्घ श्वसनही बेचैनी पळवण्यासाठी वापरलं तर ते कम्पल्शनचंच काम करतं.

दुसरं कारण, शिडी अर्ध्यावर सोडणं. ५०पर्यंत चढून बरं वाटतं, म्हणून ८० आणि ९०च्या पायऱ्या राहून जातात. मग काही महिन्यांत आजार तिथूनच परत पसरू लागतो.

आणि अनेकदा झालेली थेरपी ईआरपी नसतेच. महिनोनमहिने बालपणावर बोलणं किंवा प्रत्येक विचार खरा की खोटा यावर वाद घालणं यांनी ओसीडी हटत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: 'तुम्ही ईआरपी करता का? बैठकीत माझ्यासोबत प्रत्यक्ष सराव करणार का? घरी काय सराव द्याल?' या प्रश्नांनी चांगला थेरपिस्ट दुखावत नाही.

औषधं कोणती आणि किती दिवसांत गुण येतो?

पहिली निवड एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं. नैराश्यासाठी पुरतो त्याहून बरेचदा जास्त डोस ओसीडीला लागतो: फ्लुऑक्सेटिन दिवसाला ६० ते ८० मिलिग्रॅमपर्यंत, सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुवोक्सामिन ३०० पर्यंत, पॅरोक्सेटिन ६० पर्यंत. सुरुवात अगदी कमी डोसने होते आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवतात. गुणही उशिरा येतो. एक औषध ८ ते १२ आठवडे, त्यातले निदान ४ ते ६ आठवडे सोसेल तेवढ्या पूर्ण डोसवर, घेतल्याशिवाय 'लागू पडलं नाही' असं म्हणता येत नाही. सर्वाधिक घोळ इथेच होतो: कमी डोसवर तीन-चार आठवडे थांबून औषध बदललं जातं, पुन्हा तेच, आणि वर्षाअखेरीस रुग्णाला वाटतं की आपल्याला कुठलंच औषध चालत नाही.

पहिल्या औषधाला साधारण निम्मे रुग्ण प्रतिसाद देतात. प्रतिसाद म्हणजे लक्षणं शून्य होणं नव्हे. मापनीवरचे गुण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त उतरले तर तो प्रतिसाद धरतात. मळमळ, डोकेदुखी, झोपेतला बदल बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत ओसरतो. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं टिकू शकतं. ते संकोच न करता सांगा, त्यावर मार्ग काढता येतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं.

क्लोमिप्रामिन हे जुनं औषध आजही उपयोगी आहे. पण त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो आणि २५० मिलिग्रॅमच्या पुढे फिट येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ते सहसा एसएसआरआयनंतर आणि ईसीजी पाहून दिलं जातं. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी तात्पुरतं शांत वाटतं, मूळ ओसीडीसाठी त्यांच्यावर भर नसावा. सवय लागते ती या गोळ्यांची. एसएसआरआयचं तसं व्यसन लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं.

औषध किती काळ घ्यायचं?

बरं वाटू लागल्यावर निदान एक ते दोन वर्षं. नंतर कमी करायचं ठरलं तर दर एक-दोन महिन्यांनी १० ते २५ टक्के, याहून घाईने नाही. ईआरपी न करता नुसतं औषध बंद केलं तर लक्षणं परतण्याची शक्यता बरीच जास्त असते.

औषध आणि ईआरपी दोन्ही करून फरक पडला नाही तर?

आधी दोन्ही खरोखर पुरेशी झाली का, ते तपासा. झाली असतील तर दुसरं एसएसआरआय, मग क्लोमिप्रामिन, किंवा चालू औषधाला ॲरिपिप्राझोल वा रिस्पेरिडोनची अल्प मात्रेत जोड. अशा जोडीचा फायदा साधारण तिघांपैकी एकाला होतो, म्हणून ठरावीक मुदतीत गुण आला नाही तर ती काढून टाकावी. त्यापुढे डोक्याबाहेरून चुंबकाने मेंदूला उत्तेजना देण्याचा उपचार आहे, त्याच्या एका प्रकाराला अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१८ साली ओसीडीसाठी परवानगी दिली. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया फारच मोजक्या, अतितीव्र आणि कशालाच न जुमानणाऱ्या आजारापुरती राखीव आहे.

घरच्यांनी काय करावं?

घरचे लोक प्रेमापोटी आजाराच्या कामात सामील होतात. बाहेरून आल्यावर कपडे बदलतात, रुग्णाच्या वतीने कुलूप तपासतात, 'हो रे, नीट धुतलेस' असं दिवसातून वीसदा सांगतात. त्या क्षणी शांतता मिळते आणि आजार एक पाऊल आणखी आत येतो. मात्र हे ओळखल्यावर एका रात्रीत सगळं बंद करणं, ओरडणं, मुद्दाम वस्तू विटाळणं, थट्टा करणं याने भरवसा तुटतो.

माणूस शांत असताना बसून बोला. तुम्ही काय काय करता याची यादी दोघांनी मिळून करा, त्यातली सर्वांत सोपी गोष्ट निवडा आणि कधीपासून थांबवणार ते आधी सांगा. एक पक्की झाली की दुसरी. मुलाने 'आई, नक्की धुतले ना मी?' असं विचारलं तर ठरलेलं उत्तर साधारण असं: 'तुला आत्ता खात्री हवीशी वाटतेय, कळतंय मला. पण हे ओसीडी विचारतोय, म्हणून मी उत्तर देणार नाही. मी इथेच बसलेय तुझ्यापाशी.' आवाज मऊ, उत्तर तेच. पहिले काही दिवस विचारणं वाढेल, रडारड होईल. अशा वेळी विसाव्या वेळेला कंटाळून उत्तर दिलं तर मूल एवढंच शिकतं की वीसदा विचारावं लागतं. म्हणून झेपेल तेवढंच कबूल करा, पण केलेलं पाळा.

मूल उपचाराला तयार नसलं तरी आईवडिलांना स्वतःच्या वागण्यापासून सुरुवात करता येते. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेली स्पेस ही पद्धत फक्त पालकांसोबत काम करते.

तातडीने मदत कधी घ्यावी?

ओसीडीसोबत नैराश्य बरेचदा येतं. 'जगावंसं वाटत नाही' असं वाटत असेल, खाणं-पिणं किंवा पाणी घेणंही टाळलं जात असेल, किंवा धुण्यासाठी फिनेल, ब्लीच यांसारखी रसायनं अंगावर वापरली जात असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आत्महत्येचा नको असलेला, भीती घालणारा विचार हेही कधी ऑब्सेशन असतं. पण तो फरक घरी बसून ठरवायचा नाही, तो तज्ज्ञांनाच ठरवू द्या.

बरं झाल्यावर लक्षणं परत आली तर?

अधूनमधून येतात, विशेषतः झोप कमी झाली, घर किंवा नोकरी बदलली, घरात आजारपण आलं की. एखादा जुना विचार पुन्हा येणं म्हणजे आजार उलटणं नव्हे. त्यावर कम्पल्शन सुरू झाली आणि आठवडाभरात वाढत गेली, तर मात्र लगेच हालचाल करा. उपचार संपतानाच एका पानावर लिहून ठेवा: माझी पहिली खूण कोणती (समजा, दाराशी परत वळून पाहणं), तेव्हा शिडीच्या कोणत्या तीन पायऱ्या पुन्हा करायच्या, घरात कुणाला सांगायचं, आणि किती दिवसांत आवरलं नाही तर थेरपिस्टला फोन करायचा. दोन आठवडे ही चांगली मुदत आहे. त्यानंतर सहसा दोन-चार उजळणीच्या बैठका पुरतात.